सपरीतल्या सायकलीचं कुलूप

सायकलीला कुलूप घ्यायला मी भंडाऱ्याला गेले तेव्हा चोराची भीती माझ्या मनात फारशी नव्हती. आमच्या गावात सायकल चोरीला जात नाही, ती नेली जाते. घराच्या पुढच्या उतरत्या छपराखाली, म्हणजे सपरीत, ती उभी दिसली की ज्याला गरज असेल तो घेऊन जातो. जाताना अंगणातून एक हाक टाकतो आणि काम झालं की आणून लावतो. कधी त्याच दिवशी, कधी दुसऱ्या दिवशी, आणि कधी आपणच जाऊन आणायची. याला कुणी चोरी म्हणत नाही आणि उसनवारीही म्हणत नाही. घरोघरी मोटारसायकली आल्या तरी हे थांबलेलं नाही, कारण मोटारसायकल मागताना पेट्रोलचा विषय निघतो आणि सायकल नुसती घ्यायची असते.

ही सायकल मात्र माझी होती. नागपूरचं नवऱ्याचं घर सोडून मी धाकट्या भावाकडे राहायला आले, त्यानंतर काही महिन्यांनी घेतलेली. आमचं गाव अड्याळपासून सायकलीनं जाण्याइतकं जवळ आणि पायी जायचा कंटाळा येईल इतकं लांब आहे. अड्याळला ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईंच्या दुकानात मला काम मिळालं होतं. दिवसभर मशीनवर बसायचं आणि हुक, काजं, तुरपाई असलं हातकाम घरी आणायचं. म्हणजे रोज संध्याकाळी माझ्या सायकलीवर दुसऱ्या बायकांचे कपडे असायचे. कुणाच्या लेकीच्या लग्नाचे, कुणाच्या डोहाळजेवणाचे. साडीतलं ब्लाउजपीस हरवलं तर तसंच दुसरं मिळत नाही, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही.

एकदा मी कामावरून आले, सायकल लावली, पाणी प्यायला आत गेले, आणि बाहेर येऊन पाहते तर सायकल नाही. कॅरिअरवर कपड्यांचा गठ्ठा बांधलेला होता, तोही तिच्याबरोबर गेलेला. शेजारचे काका ती घेऊन शेतावर गेले होते. गठ्ठा सापडला तो धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चिखलाला लागून. "पाहा, किती मस्त ठेवला होता," काका म्हणाले. त्यांनी खरंच मस्तच ठेवला होता, त्यांच्या हिशेबानं. मी रात्री जेवले नाही. मी तापट आहे, हे आमच्या घरात कुणाला नव्यानं कळलं नाही.

म्हणून सुटीच्या दिवशी भंडारा. सायकलीच्या दुकानात कुलपंच इतक्या तऱ्हेची टांगलेली होती की मी गोंधळले. मागच्या चाकावर कायमचं बसणारं गोल कुलूप होतं, ज्याचा दांडा आऱ्यांमधून आरपार जातो. रबरी नळीत घातलेली साखळी होती, खांबाला वगैरे बांधायला. आणि आकडे जुळवून उघडणारं एक होतं. दुकानदाराचा त्या आकड्यांच्या कुलपावर फार जीव. "हे घ्या ताई, चावी सांभाळायची कटकटच नाही." मी म्हटलं, मला चावीवालंच पाहिजे. तो म्हणाला, चावी हरवते. मी म्हटलं, हरवू द्या. मग त्यानं मला समजूतदार माणसं वेड्या गिऱ्हाइकाकडे पाहतात तसं पाहिलं आणि चाकाचं कुलूप काढून दिलं. साखळीही घेतली, कारण चाकाला कुलूप असलं तरी अख्खी सायकल उचलून नेता येते. बाजारात कपडे घेऊन उभं राहायचं तर तेवढं हवं.

आकड्यांचं का नको, ते दुकानदाराला सांगण्यासारखं नव्हतं. नागपूरच्या घरात कपाटाची चावी आधी सासूच्या कमरेला होती, सासू वारल्यावर नवऱ्याच्या खिशात गेली. माझे दागिने, माझी प्रमाणपत्रं, माझ्या आईनं दिलेली पातळं, सगळं त्या कपाटात. एखादी साडी काढायची तरी मागावं लागायचं, आणि मागितलं की "कुठं जायचंय?" हा प्रश्न यायचा. त्यानं मला कधी मारलं नाही. पण इतकी वर्षं संसार करून त्या घरातलं एकही कुलूप मला स्वतःच्या हातानं उघडता आलं नाही. पन्नाशीला टेकलेल्या बाईला एखादी चावी कमरेला खोचावीशी वाटली तर त्यात काही पाप नाही, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

कपडे ठेवण्याचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. पुढची जाळीची टोपली घ्यावी तर अड्याळचा रस्ता असा की टोपलीतली वस्तू घरी पोचेपर्यंत रस्त्यावर यायची. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या कापडी पिशव्या दिसायला छान होत्या, पण पावसात भिजल्या असत्या आणि त्यांना झाकणही नव्हतं. शेवटी अड्याळला लोखंडी पेट्या बनवणाऱ्याकडून एक पत्र्याचा डबा करून घेतला, झाकणाचा, कडी-कोयंड्याचा, आणि तो कॅरिअरवर बोल्टांनी पक्का बसवला. पहिल्याच दिवशी गावात शिरले तर वेशीजवळची पोरं "आइसकांडीवाली आली" म्हणून मागे धावली. पारावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कांडी केवढ्याले देतेस व?" मी म्हटलं, "दात असतीन त्यालेच देतो." त्या दिवशी मी खूश होते.

हवेचा पंप, पंक्चर काढायचं सामान, दोन पाने आणि तेलाची कुपी हे सगळं घ्यायचं मात्र मी आधीपासून ठरवलं होतं. चौकातल्या दुकानात पंक्चर काढायला बसलं की चार माणसं चार प्रश्न विचारतात. नागपूरला परत कधी जाणार, हा त्यातला पहिला. भावाला सांगावं तर तो "हो" म्हणतो आणि विसरतो. अंगणात घमेल्यात पाणी घेऊन मी ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायला शिकले. टायर रिंगमधून सोडवायच्या पट्ट्या आणायला विसरले होते, म्हणून चुलीजवळचं उलथनं घेतलं, आणि ते वाकलं. भावजयीनं ते हातात धरून बराच वेळ पाहिलं.

"बाई, हे काय केलं जी?"

"नवीन आणून देतो."

"आणजा. पण पुढच्या खेपेले मले सांगजा, मी कुदळ देतो." आणि तीच हसली.

भावजय वाईट नव्हती. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणालाही ती वाईट वाटेल. ती एकोडीची, साकोलीकडची, धानाच्या घरातून धानाच्या घरात आलेली. माझ्यासारखी नणंद कायमची घरात येऊन बसली तरी तिनं तोंड वाकडं केलं नव्हतं. मी पंप मारायला लागले की ती हातातलं काम ठेवून बघायची. एकदा तिनं स्वतः मारून पाहिला आणि हवा टायरात जाताना हाताला जो ताण लागतो त्याची तिला गंमत वाटली. घर आमच्या बापाचं, पण ते आता भावाचं आणि तिचं होतं. मी हिस्सा मागितला नव्हता आणि मागणार नव्हते. मला फक्त राहायचं होतं. अड्याळला खोली करून एकटीनं राहायची हिंमत माझ्यात नव्हती, हे मी कुणाला बोलले नव्हते. नागपूरला भरल्या घरात मी इतकी वर्षं एकटी काढली होती की आता रिकाम्या खोलीची मला भीतीच वाटायची.

कुलूप बसल्यावर गावानं आठवडाभर कुरकुर केली आणि मग सवय करून घेतली. शेजारचे काका येऊन चावी मागायचे, मी द्यायची. सायकल द्यायला माझी ना नव्हतीच. कुणीतरी मला विचारावं, एवढंच माझं मागणं होतं.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. मंडई म्हणजे दुकानं, पाळणे, दंडारीचा नाच-गाण्यांचा खेळ, रात्री नाटक, आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाहुणे. लेकी-जावई, साळे-साळ्या, व्याही, सगळे त्या दिवशी येतात. बोलावलेला पाहुणा आला नाही तर त्याचं कारण पुढे वर्षभर चघळलं जातं, आणि आलेला पाहुणा न जेवता गेला तर त्याला कारणच लागत नाही.

आमच्या गावच्या मंडईला भावजयीचा भाऊ आला, बायको-पोरांना घेऊन. हा माणूस मोठा मोकळा. मी नागपूर सोडून आले तेव्हा हा एकोडीहून नव्या तांदळाचं पोतं घेऊन आला होता आणि "बाई, तुमच्या नावाचं आणलं" म्हणाला होता. तेव्हा माझ्या नावाचं काही आणणारा तो एकटाच. भावाच्या घरात तो आपल्या घरासारखा वावरायचा. भूक लागली तर स्वतः ताट घ्यायचा, मोटारसायकल, सायकल, टॉर्च, चप्पल, हाताला येईल ते वापरायचा. भावजयीला याचा फार अभिमान होता.

मी त्या दिवशीही अर्धा दिवस दुकानात गेले होते, लग्नाचे ब्लाउज द्यायचे होते म्हणून. परत आले, सायकल सपरीत लावली, कुलपाचा दांडा खटकन बसवला, चावी कमरेला खोचली आणि वडे तळायला बसले. यात विचार असा काहीच नव्हता, हाताला लागलेलं वळण होतं. पण पाहुण्यांनी भरलेल्या घरात, मंडईच्या दिवशी, आपल्याच सपरीत मी वस्तूला कुलूप लावलं होतं. आमच्याकडे त्या दिवशी आतल्या खोलीचं दारसुद्धा लोटून घेत नाहीत.

पाहुण्याच्या लहान मुलीला फुगा हवा होता. त्यानं तिला कडेवर घेतलं, मग पुढच्या दांडीवर बसवलं आणि सायकल जोरात ढकलून पाय टाकला. दांडा आऱ्यांवर आदळला, चाक अडलं, आणि मुलीसकट तो अंगणात आडवा झाला. पोरीला त्यानं वरच्यावर धरलं, तिला काही लागलं नाही. त्याचा गुडघा मात्र फुटला. अंगणात व्याही होते, चुलते होते, शेजारी होते. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "साळ्यालेच कुलूप लावलं का जी भाटव्यानं?" भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा, इथं माझा भाऊ. आणि मग आणखी हसले.

तोही हसला. मी पिठाच्या हातानं चावी घेऊन धावत बाहेर आले.

"भाऊ, घ्या ना चावी. लक्षातच राहिलं नाही."

"राहू द्या बाई," तो पँट झटकत म्हणाला. "तुमची वस्तू आहे."

थोड्या वेळानं त्याला आठवलं की एकोडीला कापलेलं धान बांधीत पडून आहे आणि आभाळ भरून राहिलं आहे. आभाळ स्वच्छ होतं. भावजय म्हणाली, "जेवून जा ना दादा, रस्सा झालाच." भावानं हात धरला. तो हसतच होता, हसत हसतच त्यानं मोटारसायकल सुरू केली. बायको मागे पोरीला घेऊन बसली. फुगा घ्यायला ते थांबले का नाही, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे पाहुणे गेल्यावर भाऊ सपरीत माझ्याजवळ येऊन उभा राहिला. तो माझ्याहून लहान, त्यामुळे माझ्यावर आवाज चढवायची त्याला सवय नाही. तो कुलपाकडे पाहून बोलला.

"बाई, घरी कुलूप नको लावत जाऊ."

"बरं."

"गावात लोकं काय म्हणून राहिले माहीत आहे का? आज सायकलले लावलं, उद्या खोलीले लावन, परवा हिस्सा मांगन."

"कोण म्हणते असं?"

"लोकं म्हणते."

लोकांच्या तोंडून भाऊ बोलला, असं मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं, हेही मनात आलं आणि मी ते गिळलं. मी इतकंच म्हटलं, "मी कधी मांगितला का?" तो कुलपाकडेच पाहत राहिला. मला तेव्हा प्रथम कळलं की मी या घरात आल्यापासून तो कशाची तरी वाट पाहत होता, आणि कुलूप बघून त्याला वाटलं होतं की आता ते आलं.

भावजय तर बोललीच नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं, मलाही भांडता येतं. ती वाढायची, उष्टी काढायची, आणि मी पंक्चर काढायला बसले की आत जायची. तिच्या माहेरचं माणूस तिच्या दारातून उपाशी गेलं होतं, आणि तेही माझ्यामुळे. मला राग यायचा, की एका कुलपापायी एवढं कशाला? आणि मग वाटायचं, ज्या माणसानं माझ्या नावाचं पोतं आणलं त्याला मी चारचौघांत पाडलं. हे दोन्ही एकाच वेळी वाटायचं आणि झोप यायची नाही. सायकल आता उघडी राहायची. काका हाक न टाकताही न्यायला लागले. रोज येताना डब्यातले कपडे मी आधी आत न्यायची, मगच पाणी प्यायची.

एकोडीची मंडई त्यानंतर होती. बोलावणं येतं का नाही, याची भावजय वाट पाहत होती. आलं नसतं तर तिचं माहेर तुटलं असतं, आणि तिचं माहेर तुटल्यावर मी त्या घरात कोणत्या तोंडानं राहिले असते? शेवटी तिच्या आईचा फोन आला. "सगळे या," आई म्हणाली, "बाईलेबी आणा." भावजयीनं फोन ठेवला आणि प्रथमच माझ्याशी बोलली. "तुम्हाले बोलावलं आहे." मला तो आवाज बोलावण्यापेक्षा कोर्टातल्या पेशीचा वाटला, पण मी गेले.

एकोडीचं घर ऐसपैस. अंगणात धानाचे भारे, सपरीत पाहुणे. तिचा भाऊ पुढे आला, मला नमस्कार केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या बाई, हात-पाय धुवा. आमच्या येथी कुलूपबिलूप काही नाही, कोठीबी बसा." लोक हसले. मी पण हसले, हसायलाच आले होते. मग चहाच्या वेळी तेच. जेवताना त्यानं मला मुद्दाम आतल्या खोलीत नेलं. तिथं धान साठवायची मोठी ढोली होती, आलमारी होती. त्यानं आलमारीचं दार बोटानं ढकलून दाखवलं. "पाहा, चावीच नाही हिले. आजोबाच्या वक्तापासून या घराले कुलूप माहीत नाही."

इतका वेळ मी धरून ठेवलं होतं. तिथं ते सुटलं.

"भाऊ, घर तुमचं आहे, म्हणून उघडं ठेवता येते," मी म्हटलं. "माह्यापाशी एक सायकलच आहे. तुम्ही पडले त्याचं मले रोज वाईट वाटते. पण कुलूप मी तुमच्यासाठी नव्हतं लावलं."

तो रागावला नाही. त्याला बहुधा माझं म्हणणं नीट कळलंच नाही, आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही कळलं नसतं. भावजय दारात उभी होती. तिनं ऐकलं. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. मी मनात म्हटलं, झालं, आता अड्याळची खोली.

जेवणं झाल्यावर बायका आत टेकल्या. भावजय आपल्या आईला म्हणाली, "माही पेटी कोठी आहे व?" लग्नाआधीची तिची एक लोखंडी पेटी होती, तिच्यात तिनं विणलेले क्रोशाचे रुमाल आणि तोरणं होती. एवढी वर्षं माहेरी येऊन गेली, पण पाहुणी म्हणून आली की चहा-पाणी, मंडई, दिवाळी यातच दिवस जायचा. आज तिला कुठून आठवली कोण जाणे. कदाचित माझ्या बोलण्यामुळे असेल, पण हे मी माझ्या मनानं जोडते आहे.

आई म्हणाली, असन माळ्यावर. तिच्या दादाच्या बायकोनं सांगितलं, माळ्यावर नाही, ढोलीमागे आहे, मोहफुलं भरली आहेत तिच्यात. भावजय उठून ढोलीमागे गेली. पेटी होती. कडी तुटलेली, आत खरंच मोहफुलं, गोडसर वास येणारी. रुमाल मग घरभर सापडत गेले. एक टीव्हीवर होता. एक पाण्याच्या माठावर. एक, जांभळ्या काठाचा, तिच्या भावाच्या मोटारसायकलीच्या सीटखाली, तेलानं काळा झालेला. सीट पुसायला घेतला होता.

"घरातलंच तर आहे व," आई म्हणाली. "कोण बाहेरचं घेऊन गेलं?"

"हो ना," भावजय म्हणाली, आणि हसली. काळा रुमाल तिनं परत सीटखाली खोचून ठेवला. तो नीट खोचायला तिला बराच वेळ लागला. मी तिच्या मागे उभी होते. मला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण अंगणात माणसं होती आणि आमचं बोलणं बंद होतं.

भाड्याच्या गाडीनं आम्ही परत निघालो. साकोली गेली, लाखनी गेली. भावजय खिडकीशी बसून बाहेर कापणीला आलेल्या बांध्या पाहत होती. माझा भाऊ पुढे ड्रायव्हरशी धानाच्या भावाबद्दल बोलत होता. तो इतकं बोलत होता त्या अर्थी त्याला दुसरंच काही बोलायचं आहे, हे मी ओळखलं. लहानपणी आंबे चोरून आणले की तो असाच आईशी भलत्या गोष्टींबद्दल बोलायचा.

घरी आलो तेव्हा उन्हं कलली होती. भावजयीनं चूल पेटवली, चहा ठेवला. भाऊ सपरीत खाटेवर बसला. त्यानं चप्पल काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला,

"बाई, अड्याळले एक खोली आहे. तुह्या दुकानाच्या जवळच. मी इचारून ठेवलं आहे."

मी सपरीतल्या सायकलीकडे पाहिलं.

"तुलेबी बरं पडन. पावसापाण्याचं येणं-जाणं नाही. सामानालेबी जागा होईन." तो थांबला. "आम्ही येत जाऊ."

त्याला वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं. चेहऱ्यावर उगीच कठोरपणा आणला असता तर मला सोपं गेलं असतं. "बरं" म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात भावजय चहाचे कप घेऊन बाहेर आली.

"कोण जाऊन राहिलं अड्याळले?"

"बाई," भाऊ म्हणाला.

"काहून?"

"काहून म्हणजे? तूच तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. म्हणजे या खोलीचं त्या दोघांत आधी बोलणं झालं होतं. मला ते आधीच कळायला हवं होतं.

भावजयीनं एक कप त्याच्या हातात दिला, एक माझ्या. तिचा स्वतःचा कप तिनं खाली ठेवला.

"त्या कोठी नाही जात," ती म्हणाली. "येथीच राहतीन. अन् कुलूप लावायचं का नाही ते त्याईचं त्या पाहतीन. माह्या दादाले मी सांगतो काय सांगायचं ते."

चहा गरम होता, म्हणून मी कप खाटेच्या कडेवर ठेवला. मी भावाकडे पाहत होते. भावजयीचे उपकार माझ्यावर आहेत आणि जन्मभर राहतील. पण त्या क्षणी मला ते नको होते. ज्याच्याबरोबर मी याच सपरीत लहानाची मोठी झाले, त्याच्या तोंडून मला तो शब्द ऐकायचा होता. राहा, एवढा एकच. मी चहा निवेपर्यंत वाट पाहिली.

"बरं," भाऊ म्हणाला. ते त्यानं तिला सांगितलं. माझ्याकडे तो त्या संध्याकाळी पाहू शकला नाही.